वसईचा वायू, भाईंदरची शेगडी

भाईंदरजवळच्या उत्तनच्या होड्या ज्या समुद्रात जाळी टाकतात, त्याच समुद्रात मुंबईच्या पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवर ओएनजीसीचं वसई वायुक्षेत्र आहे. ते सापडलं १९७६ साली, म्हणजे बॉम्बे हायचं तेल निघू लागलं त्याच वर्षी. उत्पादन सुरू व्हायला मात्र १९८८ उजाडलं. नाव वसईचं असलं, तरी वायू समुद्रतळावरच्या दोनशेहून अधिक किलोमीटरच्या वाहिनीतून सुरतेजवळच्या हजिऱ्याला जातो. त्यातला विषारी हायड्रोजन सल्फाइड तिथे वेगळा काढतात आणि मग वायू उत्तरेकडच्या खत कारखान्यांची वाट धरतो. बॉम्बे हायचा बराचसा वायू उरणला येतो. मिरा-भाईंदरच्या शेगडीत जळतो तो नेमका कुठला, हे सांगता येणार नाही, कारण जमिनीवरच्या जाळ्यात देशी आणि आयात वायू एकत्र होतात. विहीर सापडली की बातमी होते. पुरवठा टिकतो तो मात्र वाहिनीवर, आणि क्षेत्र म्हातारं होत जातं तसा तिच्यावर कमी नव्हे, जास्त खर्च करावा लागतो.

ओलावा आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र आले की पोलाद झिजतं. म्हणून प्लॅटफॉर्मवरच वायूतलं पाणी काढतात आणि वाहिनीतून ‘पिग’ नावाचं यंत्र सोडतात. साधा पिग साचलेला गाळ ढकलतो, सेन्सरवाला भिंतीची जाडी मोजतो. खरा नाजूक भाग म्हणजे तळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारा उभा पाइप, रायझर. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पुरात बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, जखमी कर्मचाऱ्याला घेऊन बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आलेलं ‘समुद्र सुरक्षा’ जहाज रायझरवर आदळलं. फुटलेल्या रायझरमधल्या वायूने पेट घेतला, प्लॅटफॉर्म काही तासांत नष्ट झाला आणि २२ जण गेले. १९८८ साली उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवरच्या आगीत १६७ माणसं गेली, तिथेही शेजारच्या प्लॅटफॉर्मच्या वाहिन्यांतला वायू आग भडकवत राहिला. रायझर कुठे ठेवायचा, त्याला कठडा कसा घालायचा, झडप कुठे बसवायची, हे आराखड्यातले किरकोळ तपशील वाटतात. माणसं वाचतात ती तिथेच.

यावर कुणी म्हणेल, आटत चाललेल्या क्षेत्रावर पैसा कशाला? कतारहून द्रवरूप वायू आणावा. तो येतोच आहे, पण युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये त्याचे भाव कसे भडकले ते आपण पाहिलं. शिवाय जहाजाने आणलेला वायूही अखेर वाहिनीतच शिरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात ‘गेल’ कंपनीच्या मुख्य वाहिनीला इजा झाली, वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनचा पुरवठा घटला आणि मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी सीएनजी पंपांवर रिक्षा ताटकळल्या. समुद्रात वायू होता, बंदरात होता. अडला तो मधल्या एका पाइपापाशी.

दुसरी हरकत कोळ्यांची, आणि ती मला जास्त वजनदार वाटते. प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरच्या आत होडी नेता येत नाही, भूकंपीय सर्वेक्षण सुरू असलं की जाळी बाहेर ठेवावी लागतात. सुरक्षेचं कारण खरं आहे; ओढलेला नांगर वाहिनीला धोका असतो. पण बंदी सुरक्षेसाठी असेल, तर बुडालेल्या मासेमारीची भरपाई हाही वाहिनीच्या देखभालीचाच खर्च आहे, आणि तो पिगच्या खर्चाइतकाच नेमाने मांडला पाहिजे.