नाव ठेवताना, नावं ठेवणारे

मराठीत आपण बाळाचं नाव ठेवतो आणि लोक नावं ठेवतात. आमच्याकडे दोन्ही एकदमच झालं. माझं घर धारचं, बायकोचं माहेर देवासचं आणि आम्ही दोघं नोकरीला इंदूरला. मुलगा झाला आणि बारशापर्यंत फॅमिली ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता.

बाबांचं मत सरळ होतं: पणजोबांचं नाव ठेवा, घराण्याची रीत आहे. दाखला त्यांनी धारचाच दिला. राघोबादादांची धावपळ चालू असताना आनंदीबाई धारच्या किल्ल्यात होत्या. तिथेच 1775 च्या जानेवारीत त्यांना मुलगा झाला आणि त्याला आजोबांचं नाव मिळालं, बाजीराव. मी म्हटलं, "बाबा, म्हणूनच त्यांना आजही सगळे 'दुसरे बाजीराव' म्हणतात. आजोबांशी तुलना काही सुटली नाही." बाबा हसले, पण पटलेलं दिसलं.

मग मी 'भोज' सुचवलं. धारानगरीचा राजा, अकराव्या शतकात व्याकरणापासून वास्तुशास्त्रापर्यंतचे ग्रंथ ज्याच्या नावावर आहेत, असा माणूस आपल्या गावचा! पण आम्ही हिंदी मुलखात राहतो. शाळेत पहिल्याच दिवशी "कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली" होणार, आणि 'मृत्युभोज' हा शब्द तर इथे रोजच्या बोलण्यातला. भोजाचे काका मुंज, त्यांच्या नावाचा तलाव आजही धारमध्ये आहे. पण "मुंजची मुंज कधी?" हा विनोद आईने आत्ताच करून टाकला.

देवासच्या सासूबाईंनी वेगळाच मुद्दा काढला. शिवपुत्र कोमकली हा बेळगावकडचा मुलगा. गाणं ऐकून लहानपणीच त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. 1948 मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी ते देवासला आले आणि देवासचेच झाले. मूळ नाव मागे पडलं. पण मुलगा मुकुल यांनी आडनावाच्या जागी वडिलांचं तेच नाव लावलं: मुकुल शिवपुत्र. सासूबाई म्हणाल्या, "नाव तुम्ही द्याल, पण त्याचं काय करायचं ते तो ठरवेल. तेवढी जागा ठेवा." सगळ्या चर्चेत मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

शेवटी बहिणीने, म्हणजे हक्काच्या आत्याने, नाव काढलं: उदाजी. बाजीराव पेशव्यांच्या काळात माळव्यात उतरलेले उदाजी पवार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धारच्या गादीवर होते तेही उदाजीरावच. नाव जुनं, पण आज वर्गात दुसरा सापडणार नाही.

मी सवयीने टेस्टिंग केलं. 'ळ' नाही, म्हणजे हिंदी कागदांवर त्याचा 'ल' होणार नाही. आल्हा-ऊदल ऐकलेल्या शेजाऱ्यांना 'उदा' परकं वाटणार नाही. चिडवायला काय मिळेल? मराठी पुस्तकात 'उदा.' म्हणजे उदाहरणार्थ. चालेल! एकच गंमत: हिंदीत 'जी' आदराचा, त्यामुळे बाई एवढ्याशा मुलाला "उदा जी" म्हणणार. आजीला ते फार आवडलं.

कागदाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं, त्यानंतर फी भरून. म्हणजे घाईत काहीतरी लिहून टाकण्याची गरज नाही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा धरला जातो. म्हणून इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. आम्ही 'जी' वेगळा न काढता नाव एका शब्दात लिहिलं.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांना एकच सांगणं. वेगळं नाव शोधायला बेबी-नेम अ‍ॅपच लागतं असं नाही, आपल्या गावातही ती पडून आहेत. फक्त निवडलेलं नाव गच्चीवरून जोरात हाक मारून बघा, मराठीत आणि हिंदीतही. पोराला ते आयुष्यभर ऐकायचं आहे.