उन्हात रक्ताची वाटणी

चंद्रपूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: मे महिन्यात रस्त्याच्या कामावर राबणारा माणूस ओणव्याने उठला की त्याला भोवळ का येते? घाम येतोय, पाणीही पितोय, मग अडतं कुठे?

अडतं रक्ताच्या वाटणीत. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त साधारण 5 लिटर. स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच फिरवतं, आणि त्यातलं कातडीच्या वाट्याला जेमतेम पाव लिटर येतं. ऊन फारच तापलं तर तीच कातडी मिनिटाला 6 ते 8 लिटर मागते, कारण आतली उष्णता घामापर्यंत आणून पोचवतं ते रक्तच. ठोके वाढवूनही भागत नाही. मग आतडी आणि मूत्रपिंडांचा वाटा तोडावा लागतो. रात्री शेतात दारं धरणारा एका वाफ्याचं तोंड मातीने बुजवतो आणि दुसऱ्याचं फोडतो. इथे ते काम केसासारख्या बारीक धमन्या आपल्या भिंतीतले स्नायू आवळून, सैल सोडून करतात. कौतुक सगळं हृदयाचं होतं. माझ्या लेखी त्यातलं निम्मं तरी या धमन्यांचं आहे.

त्यांना हुकूम कोण देतं, हे कळलं सशाच्या कानावरून. 1851 साली पॅरिसमध्ये क्लोद बेर्नारने सशाच्या मानेतला एका बाजूचा मज्जातंतू कापला. कान गार पडेल अशी त्याची अटकळ होती. झालं उलटंच! त्या बाजूचा कान लालबुंद, हाताला चटकन जाणवेल इतका गरम. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राऊन-सेकारने 1852 मध्ये अमेरिकेत त्याच तंतूच्या कापलेल्या टोकाला विजेचा प्रवाह दिला, आणि तापलेला कान फिकट होऊन निवला. म्हणजे तो तंतू रक्तवाहिन्या आवळून धरत होता. बेर्नारने हा विजेचा प्रयोग केला तो त्यानंतर काही महिन्यांनी, तरी मोठं झालं त्याचंच नाव. ब्राऊन-सेकारने म्हातारपणी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला, त्याचीच चर्चा अधिक झाली. हा अन्याय मला फार लागतो.

आता भोवळीचं. उठताना रक्त पायांकडे ओढलं जातं. एरवी मानेतल्या धमनीला दाब उतरल्याचं क्षणात कळतं आणि वाहिन्या आवळल्या जातात. उन्हात मात्र कातडीतल्या वाहिन्या सताड उघड्या, त्यात घामाने रक्तातलं पाणी घटलेलं. मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. सावलीत आडवं करून पाय उंच ठेवले की बहुधा बरं वाटतं. पण माणूस असंबद्ध बरळू लागला तर पाणी पाजत बसू नका. अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत त्याला तडक दवाखान्यात न्या.