लांडग्याच्या नावावर

मेलेल्या मेंढीची कातडी सोलली की बरंचसं खरं बाहेर येतं. वरून लोकर दाट असते, रक्ताचे चार डाग सोडले तर काही दिसत नाही. आतून पाहिलं तर दात कुठे बसले, किती खोल गेले आणि चावा घेतला तेव्हा जनावर जिवंत होतं की नाही, हे कळतं. जिवंतपणी झालेल्या चाव्याभोवती कातडीखाली रक्त साकळतं. मेल्यावर लागलेल्या दातांभोवती साकळत नाही. गळ्यावर मोजके खोल दात, पोट फाडलेलं आणि निम्मं जनावर गायब असेल तर लांडग्याचा संशय घ्यावा. नरडीवर सुळ्यांची भोकं आणि धड ओढत नेल्याची फरपट असेल तर बिबट्याचा. मागच्या मांड्या, शेपटीचं बूड, कान, नाक, बरगड्या, जिथे तोंड पोचलं तिथे फाडलंय. एकाऐवजी आठ-दहा मेंढरं पडलीत, त्यातली दोन-तीन अजून धापा टाकताहेत. आणि खाल्लेलं मात्र जवळपास काहीच नाही, असं असलं तर ते बहुतेक कुत्र्यांचं काम.

'बहुतेक' म्हटलं ते उगाच नाही. जाळीत अडकलेल्या मेंढरांना पळता येत नसेल तर लांडगाही एकामागून एक मारत सुटतो. कुत्र्यांनी पाडलेल्या मेंढीवर पहाटे तरस जेवून गेलेलं असतं, आणि सकाळी मातीत ठसे दोघांचे मिळतात. तरीही माळावर जन्म काढलेल्या मेंढपाळाला मारणारा कोण हे सहसा कळतं. पंचनाम्यात काय उतरतं, ते मात्र वेगळ्याच गोष्टीवर ठरतं.

महाराष्ट्रात वन्यप्राण्याने शेळी किंवा मेंढी मारली तर सरकारकडून नुकसानभरपाई मिळते: बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा, रानकुत्रा ही नावं त्या यादीत आहेत. गावातलं कुत्रं त्यात नाही, आणि नियमाच्या भाषेत ते बरोबरच आहे, कारण ते वन्यप्राणी नाही. पण व्यवहारात याचा अर्थ असा की लांडग्याने मारलेल्या मेंढीला किंमत आहे आणि कुत्र्यांनी मारलेलीला शून्य. रात्रीत पाच मेंढरं गेलेल्या माणसाने वनरक्षकापुढे कोणाचं नाव घ्यावं? त्याला लबाड म्हणण्याआधी आपण त्याच्या जागी उभं राहून पाहावं. दप्तरच असं आखलंय की त्यात लिहायला दुसरं नाव नाही. त्यामुळे कुत्र्यांची बरीचशी पापं लांडग्याच्या खात्यावर चढतात, आणि जे लांडग्याच्या नावावरही बसत नाही ते कुठेच लिहिलं जात नाही.

आता हे मेंढरं राखणारे लोक कसे राहतात ते पाहू, म्हणजे नुकसान नेमकं कुठे होतं ते दिसेल. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातले धनगर पावसाळा सरला की घरदार पाठीमागे टाकून निघतात. घोड्यांवर भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या आणि चालता न येणारी लहान पोरं. बरोबर मेंढरं आणि कुत्री. या फिरत्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. चारा-पाण्याच्या मागाने काही वाडे कोकणाकडे उतरतात, काही नदीकाठच्या बागायती गावांत फिरतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो. रात्रभराच्या लेंडी-मुताचं खत शेताला मिळतं, आणि धनगराला त्याचे धान्य किंवा रोख पैसे. दोन-चार रात्री झाल्या की पुढचं रान.

रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात. वाघर म्हणजे दोऱ्यांची जाळी. काठ्या रोवून ती गोल ताणायची, उंची कमरेएवढी. कोकरं वेगळ्या लहान जाळीत. माणसं बाहेर उघड्यावर, घोंगडी ओढून, हाताशी काठी घेऊन निजतात, कुत्री चहूबाजूंनी. लांडग्याने या जाळीवरून उडी मारावी म्हटलं तर ती काही मोठी नाही. जाळी मुळात त्याला अडवण्यापेक्षा मेंढरं पांगू नयेत म्हणून असते. खरं नुकसान पांगण्यात आहे. भेदरलेला कळप जाळी पाडून अंधारात सुटला की काही मेंढरं एकमेकांखाली चेंगरतात, काही विहिरीत पडतात, काही ओढ्याच्या कपारीत अडकतात. गाभण मेंढ्या पळापळीनंतर गाभडतात. हे सगळं दातांनी झालेलं नसतं, म्हणून मोजलंही जात नाही. भरपाईसाठी मृत जनावर जागेवर ठेवून ४८ तासांच्या आत कळवावं लागतं, मग वनरक्षक येणार, पशुवैद्यकीय अधिकारी येणार, कागद होणार. वाड्याला मात्र उद्या दुसऱ्या गावात पोचायचं असतं. पंधरा किलोमीटर मागे पडलेल्या एका मेंढीसाठी सगळा कळप थांबवला तर चाऱ्याचं काय? पुष्कळ जण तक्रार करतच नाहीत.

लांडग्याशी धनगराचं नातं शहरातल्या माणसाला चटकन पटत नाही. माळावरचे अनेक मेंढपाळ सांगतात की लांडग्याचा वाटा असतोच; वर्षाकाठी दोन-चार कोकरं त्याची. हे काही प्रेमातून आलेलं नाही. नुकसान झालं की शिव्या त्यालाही पडतात, आणि पूर्वी बिळात धूर करून पिल्लं मारणं सर्रास चालायचं. पण लांडग्याची रीत ठाऊक असते. तो कळपाच्या कडेने, झुडपाआडून येतो, मागे पडलेलं एखादं कोकरू तोंडात धरतो आणि निघून जातो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात लांडग्यांचा जो अभ्यास झाला, त्यातही त्यांच्या खाण्यात पाळीव जनावरांचा मोठा भाग आढळला. काळवीट तिथे आहेत, पण मेंढी-शेळी सोपी. देशभरात भारतीय लांडगे अंदाजे तीन हजार. २०२२ च्या गणनेत वाघांचा आकडा ३,६८२ आला होता. म्हणजे ज्या प्राण्याला आपण माळावरचा चिल्लर चोर समजतो, तो वाघापेक्षा दुर्मिळ ठरतोय. वन्यजीव कायद्यात दोघेही पहिल्या अनुसूचीत. पर्यटक मात्र एकाच्याच मागे.

कुत्र्यांचा हिशेब उलटा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री दीड कोटीच्या वर, १.५३ कोटी मोजली गेली. यात ज्यांना नावाला मालक आहे पण जी रात्रभर मोकाट फिरतात, ती धरलेली नाहीत. मेंढरांच्या दृष्टीने त्यांच्यात फरक काहीच नाही. ही कुत्री माळावर जगतात कशावर? पुणे, सासवड, बारामती, इंदापूरच्या बाजूला गावाबाहेर फेकलेली मेलेली जनावरं आणि कोंबडीपालन शेडमधल्या मेलेल्या कोंबड्यांचे ढीग पाहिले की उत्तर मिळतं. पूर्वी मेलेली गुरं गिधाडं तासाभरात साफ करायची. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली. त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर उशीर झाला होता. १९९२ ते २००३ या काळात, गिधाडं नाहीशी होत असताना, देशातली कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली असावीत असा अंदाज २००८ मधल्या एका अभ्यासाने मांडला. पोट भरलेली, माणसाला न भिणारी, टोळीने फिरणारी ही कुत्री मेंढरांवर पडतात ती भुकेपोटी असतेच असं नाही. पळणारं जनावर दिसलं की पाठलाग सुरू होतो, आणि मेंढरू म्हणजे पळणारच. म्हणूनच इतकं मारून इतकं कमी खाल्लेलं असतं.

याची नीट मोजदाद आपल्याकडे कुणी फारशी केलेली नाही. हिमाचलमधल्या स्पितीत मात्र झाली. तिथे हिमबिबट्या आहे, लांडगा आहे, आणि जनावरं गमावणाऱ्या गावकऱ्यांचा राग साहजिकच या दोघांवर असणार असं कुणालाही वाटेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वरच्या स्पितीतल्या गावांनी सांगितलेल्या नुकसानीत सर्वांत मोठा वाटा मोकाट कुत्र्यांचा निघाला, हिमबिबट्या आणि लांडगा त्यांच्या मागे. अमेरिकेत मेंढ्या मारणाऱ्या शिकारी प्राण्यांत कोयोटेनंतर नंबर कुत्र्यांचाच लागतो. इंग्लंडने १९५३ साली खास कायदा करून, शेतजमिनीवर कुत्र्याने मेंढरांना त्रास दिला तर मालकाला गुन्हेगार ठरवलं. तो कायदा चालतो, कारण तिथे कुत्र्याला मालक सापडतो. आपल्याकडे तिथेच अडतं.

बिबट्याची गोष्ट यात वेगळी बसते. अकोल्याच्या (अहिल्यानगर जिल्ह्यातल्या) परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या आहाराच्या वजनाच्या ८७ टक्के पाळीव किंवा गावात राहणारे प्राणी निघाले, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. उसाच्या फडात राहणारा बिबट्या गावाच्या कडेला येतो तो मुख्यतः कुत्र्यासाठी. वाटेत उघडा गोठा सापडला तर शेळीही उचलतो. म्हणजे गावाने उकिरड्यावर पोसलेलं कुत्रं एकीकडे कळप फाडतं आणि दुसरीकडे बिबट्याला दारापर्यंत आणतं. जुन्नरच्या बिबट्यांचं नाव निघालं की सगळं लक्ष पिंजऱ्यांकडे जातं. उकिरड्यावर कुणी बातमी करत नाही.

लांडग्याचं दुर्दैव एवढ्यावर थांबत नाही. नान्नजमध्येच झालेल्या एका प्रयोगात, जवळ कुत्रं असलं की खोकड अन्नापासून बिचकतं, हे दिसून आलं. लांडगा मात्र कधीकधी कुत्र्याशी जोडीच जमवतो. पुण्याजवळच्या माळावर लांडग्यांच्या कळपात पिवळसर-तांबूस रंगाचे दोन प्राणी फिरताना दिसले होते. केसांच्या नमुन्यांवरून जनुकीय तपासणी झाली, आणि भारतातल्या लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातली द ग्रासलँड्स ट्रस्ट, बंगळूरची एट्री आणि एनसीबीएस या संस्था त्यात होत्या. जोडीदार मिळण्याइतके लांडगे माळावर उरले नाहीत की असं होतं. रेबीज, डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडूनच रानात शिरतात. गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह मेले तेव्हा डिस्टेंपरचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. लांडग्यांच्या एखाद्या कळपावर तेच आलं तर ते कळणारही नाही.

गंमत म्हणजे याच माळाच्या मधोमध जेजुरी आहे. खंडोबाच्या मूर्तींत घोड्याबरोबर कुत्रा असतो आणि वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या दैवतांवर आयुष्य घातलं, ते या मुलखात फिरूनच. धनगराला कुत्र्याचा तिटकारा असण्याचं कारण नाही. वाड्याची कुत्री नसतील तर त्याला झोप कशी लागेल? पण त्या कुत्र्यांचंही मरण याच टोळ्यांच्या हाती. बाहेरच्या कुत्र्यांशी झुंजून ती जखमी होतात, पिसाळलेलं कुत्रं चावलं की मरतात. वाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस देणं हे सगळ्यांत स्वस्त काम आहे. अडचण एवढीच की लस टोचणारे गावात असतात आणि वाडा गावाबाहेर.

निर्बीजीकरणाच्या २०२३ च्या नियमांनी जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. कुत्रं पकडा, शस्त्रक्रिया करा, लस द्या, होतं तिथे सोडा. पुणे महापालिकेला हे कसंबसं जमेल. पुरंदर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला ना गाडी, ना डॉक्टर. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा विषय गाजला, तोही शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्याभोवती. वाघर लावून झोपलेल्या माणसाचं नाव त्या चर्चेत फारसं ऐकू आलं नाही. वन खातं म्हणणार कुत्रं आमचं नाही. पशुसंवर्धन खातं औषधापुरतं. ग्रामपंचायतीला वाड्याचं मतदान नाही.

माझं म्हणणं छोटं आहे. पंचनाम्याच्या कागदावर 'मोकाट कुत्री' असा एक रकाना हवा, आणि त्याला निम्मी का होईना, भरपाई हवी. ती वन खात्याने न देता ग्रामविकास किंवा पशुसंवर्धन खात्याने दिली तरी चालेल. खोटं लिहायचं कारण संपलं की लांडग्यावरचा बोजा हलका होईल, आणि कुठल्या तालुक्यात कुत्र्यांनी किती मेंढरं मारली ते निदान मोजलं तरी जाईल. पैशांचा प्रश्न काढणाऱ्यांनी राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेकडे पाहावं. तीत सरकार २० मेंढ्या आणि एक नर यांचा गट ७५ टक्के अनुदानावर देतं. नवीन मेंढ्या द्यायला पैसा आहे. त्यातल्या किती कुत्र्यांनी फाडल्या, हे विचारायला आणखी एक ओळ छापावी लागेल, आणि या मेंढ्यांच्या विम्याचा दावा आला की तपासणी तशीही करावीच लागते.