ओझरचं ‘मिग’

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक मागे टाकलं की वीसेक किलोमीटरवर ओझर लागतं. अष्टविनायकातलं ओझर ते जुन्नर तालुक्यातलं. हे निफाडचं, बाणगंगेकाठचं, द्राक्षबागांच्या मुलखातलं. इथल्या विमान कारखान्याचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड हे भारदस्त नाव जुन्या माणसांच्या तोंडी क्वचितच येतं. माणूस ‘मिगला’ कामाला असतो, एसटीतून ‘मिगला’ उतरतो.

या कंपनीचं मूळ बंगळूरचं, पण ती काढणारा माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद १९३९ मध्ये अमेरिकेहून पॅसिफिकवरून विमानाने निघाले असता विल्यम पॉली हे विमानधंद्यातले गृहस्थ सहप्रवासी म्हणून भेटले. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ उभी राहिली. महायुद्ध आणखी भडकलं, सरकारला कारखाना हातात हवा झाला आणि १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला गेला. पुढे तिथेच जर्मन वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांचे शिष्य, कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखलं. ते १९५१ मध्ये उडालं.

ओझरची गोष्ट वेगळ्या वाटेची आहे. चीन युद्धाच्या धक्क्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. मिग-२१ या रशियन लढाऊ विमानाचा कारखाना ओझरला आला, त्याचं श्रेय नाशिककर त्यांना देतात. न देते तरच नवल. मिगसाठी १९६३ मध्ये काढलेली स्वतंत्र सरकारी कंपनी आणि बंगळूरची जुनी कंपनी १ ऑक्टोबर १९६४ रोजी एक झाल्या, तीच आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल. कामाची वाटणी अशी, की इंजिन ओडिशात कोरापुटला बनायचं, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, आणि सांगाडा ओझरला. सगळ्याची जुळणीही ओझरलाच.

सुरुवातीला रशियातून तयार भाग यायचे, ते जोडायचे. मग छोटे भाग आणून मोठे इथे बांधायचे, आणि शेवटच्या टप्प्यात नुसता कच्चा धातू. मिग-२१ च्या तीन पिढ्या, मग मिग-२७, मग सुखोई-३० एमकेआय, सगळं याच पायऱ्यांनी झालं. दोनशेवर सुखोई इथून बाहेर पडली. २०१६ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाशी बांधून सुखोई पहिल्यांदा उडालं तेही इथूनच. दुसऱ्याचं विमान बिनचूक घडवण्यात ओझरचा हात कुणी धरणार नाही. पण आराखडा मॉस्कोचा असल्याने, अमुक भाग असाच का, हे विचारायची सवय कमीच लागली. परवान्यावरच्या उत्पादनाची ही किंमत मिगच्या कौतुकात सहसा मोजली जात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने मिग-२१ ला चंदीगडला निरोप दिला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, निफाडकडे द्राक्षछाटणीचा हंगाम असताना ओझरच्या धावपट्टीवरून इथे बांधलेलं पहिलं तेजस एमके-१ए लढाऊ विमान आकाशात गेलं. बंगळूरच्या दोन उत्पादन साखळ्यांच्या जोडीला ही तिसरी. एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची साखळीही त्याच दिवशी सुरू झाली. ही दोन्ही विमानं भारतात आखलेली. साठ वर्षांनी का होईना, ओझरच्या कारागिराला शंका आली तर उत्तर देणारा माणूस आता बंगळूरला बसतो, आणि माझ्या मते सोहळ्यातल्या भाषणांपेक्षा हा फरक मोठा.

तरी हुरळून जायचं कारण नाही. तेजसचं इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. हवाई दलाने २०२१ मध्ये ८३ विमानं मागवली, ती मार्च २०२४ पासून मिळायची होती. ऑर्डरीतल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं हातात पडायलाच मार्च २०२५ उजाडला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची ऑर्डर आली. सांगाडे बांधायला ओझरचे हात पुरतील. इंजिनांसाठी मात्र परदेशी जहाजाची वाट पाहणं आहेच.