काउंटरवर मुलांनीच बोलायचं

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात 10 जीवनकौशल्यांची यादी केली: संवाद, समानुभूती, निर्णय घेणं, ताण हाताळणं वगैरे. उन्हाळी शिबिरांच्या चकचकीत पत्रकांत बहुधा यातलंच काहीबाही असतं. सराव मात्र फुकटात होतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 10 वर्षांवरील मूल बचत खातं स्वतः उघडून चालवू शकतं. मर्यादा बँकेगणिक वेगळ्या. पैसे भरायची स्लिप त्यालाच लिहू द्या. ‘अक्षरी रुपये’पाशी गाडी अडली, तर काउंटरवरच्या मॅडमना त्यानेच विचारावं. आईबाबांनी बाकावर बसून राहायचं. (खरी परीक्षा इथेच!) एसटीत 5 ते 12 वर्षांना अर्धं तिकीट, तेही मुलानेच मागावं, सुटे मोजून घ्यावेत.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांच्या हाताखाली शिकू देण्याची सूचना आहे. बारावीपर्यंत सुट्टीतही अशी संधी द्यावी, असंही त्यात म्हटलंय. ओळखीच्या सायकलवाल्याकडे आठवडाभर बसवा. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं आधी ऐकून घ्यायचं असतं, हे तिथे आपोआप कळतं. विदर्भ-मराठवाड्यात मात्र उन्हामुळे वेळ सकाळचीच ठेवा.