फोल्डर उघडेना तेव्हा

भिलईच्या सेक्टरमधल्या एखाद्या जुन्या क्वार्टरमध्ये दिवाळीला लेक-नातवंडं आली, की जुन्या फोटोंचा विषय निघतोच. आजोबा कॉम्प्युटर लावतात, ‘फोटो’ नावाच्या फोल्डरवर क्लिक करतात आणि सगळे पडद्याकडे बघत बसतात. वरच्या पट्टीत हिरवी रेघ मुंगीच्या चालीने सरकते, सीपीयूच्या डब्यातून कुरकुर येते, पुढचा बारीक दिवा विझायचं नाव घेत नाही. ‘जुना झालाय, द्या आता भंगारात,’ असं कोणीतरी म्हणतं.

भंगारात देण्याआधी त्यात काय आहे ते पाहायला हवं. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन इथला पोलाद कारखाना ठरला, तेव्हा हा मुलूख ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्या काळात इथे आलेल्या मराठी घरांची मुलं-नातवंडं आज पुण्या-बंगळुरूकडे पांगली आहेत. स्कॅन करून ठेवलेली लग्नं, बारशी, क्वार्टरच्या अंगणातले फोटो पुष्कळदा त्या एकाच डब्यात असतात. त्यांचं मोल डब्यापेक्षा कितीतरी जास्त.

मग वेळ जातो कुठे? दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये सहसा फिरणारी हार्ड डिस्क असते. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि वर एक बारीक हात मागेपुढे सरकतो. हात जागेवर जायला सुमारे ९ मिलिसेकंद आणि हवा तो भाग त्याच्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम पंच्याहत्तर खेपा. हजार फोटोंसाठी एकेकच खेप धरली तरी तेरा सेकंद झाले, आणि प्रत्यक्षात एकीवर भागत नाही. भिलईकराला हे रुळांवरून चटकन कळेल. इथून रेल्वेसाठी वेल्डिंगने जोडलेले २६० मीटर लांबीचे रूळ जातात. तेवढ्याच वजनाचे हजारो सुटे तुकडे मोजून चढवायचे म्हटले तर दिवस जाईल. तीन तासांचा सिनेमा भराभर कॉपी होतो आणि बारशाचे फोटो रखडतात, ते याचमुळे.

दोष शोधायची सुरुवात फुकटात होते. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. फोल्डर रखडलेलं असताना डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसले, तर घोटाळा डिस्कपाशी आहे. मेमरी नव्वदीपार असेल तर रॅम अपुरी पडते आहे. न मावणारा माल विंडोज डिस्कवरच ठेवते, म्हणून तीच पुन्हा दमते. दोन्ही निवांत असूनही खिडकी अडकली, तर कारण साधं निघू शकतं. डाउनलोड्ससारख्या खिचडी फोल्डरला विंडोज कधी कधी फोटोंचं फोल्डर समजते आणि प्रत्येक फाइल चाळत बसते. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कस्टमाइझ, आणि तिथे ‘जनरल आयटेम्स’ निवडायचं. एवढ्याने मिनिटाचं काम पुष्कळदा क्षणावर येतं.

डिस्कची तब्येत मात्र आधी तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर ती एका नजरेत दाखवतं. निकामी भागांचे आकडे चढत असतील, तर धिमेपणाचं कारण वेगळं आहे: खराब जागा वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा धडपडते आणि तोवर सगळं गोठतं. अशा वेळी लोक चेकडिस्क किंवा डिफ्रॅग चालवतात. कृपा करून तसं करू नका. आजारी डिस्कला ती तासन्‌तासांची दौड असते आणि त्यात ती कायमची बसू शकते. आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा, दुरुस्ती नंतर. सीआरसी चुकांचाच, म्हणजे केबलमधून जाताना बिघडणाऱ्या माहितीचाच, आकडा वाढत असेल तर डिस्कआधी साटा केबल बदलून पाहावी.

डिस्क बदलायचीच, तर एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसल्याने तेरा मिलिसेकंदांची खेप एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास येते. जुन्या मदरबोर्डला तिचा पूर्ण वेग पेलत नाही, तरी फरक पहिल्या क्लिकलाच जाणवतो, कारण वाचतो तो हाताच्या येरझारांचा वेळ. सोबत रॅम आठ जीबी केली तर उत्तम. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बँकेचे व्यवहार अशा कॉम्प्युटरवर न केलेले बरे. फोटो बघायला इंटरनेट लागत नाही.

काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नये. नव्या डिस्कवरचं एकेक फोल्डर उघडून, अधलेमधले फोटो मोठे करून पाहावेत, आणि तोवर जुनी डिस्क तारीख लिहून कपाटात, कागदी अल्बमांशेजारी ठेवावी.