अंगठ्याखाली सापडलेली जागा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की महिनाभरात माझ्याकडे लंगडत येणारी पोरं वाढतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सराव पहाटे, डांबरी रस्त्यावर.

परवा आलेली मुलगी एकोणीस वर्षांची. "मॅडम, पाय मुरगळलाय बहुतेक."

"कधी?"

तिला सांगता येईना. मुरगळल्याची वेळ आठवते. हे दुखणं चोरपावलांनी येतं. आधी फक्त पळताना दुखायचं, मग पळून झाल्यावर, आता जिना उतरतानाही.

दोन्ही पावलं शेजारी ठेवली. चपलेच्या पट्ट्याचा वळ उजव्या पायावर जास्त खोल होता, म्हणजे सूज. चवड्याची लांब हाडं अंगठ्यानं एकेक दाबत गेले. पहिलं ठीक. दुसऱ्या बोटामागे रुपयाएवढ्या जागेवर अंगठा टेकला आणि तिनं पाय ओढून घेतला. "हाडाला बारीक चीर असावी," मी म्हणाले.

"पण फोटोत काही नाही म्हणाले."

पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काही दिसतच नाही. हाड सांधायला लागलं, त्याभोवती नवं हाड धरलं, की मग दिसतं. एमआरआयमध्ये आधी कळतं, पण तो खर्च किती घरांना झेपतो?

भार वाढला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. भरायला आठवडे लागतात. हिनं दोन किलोमीटरचे सहा एका आठवड्यात केले होते. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं 1855मध्ये कवायती सैनिकांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली, तेव्हापासून हे दुखणं भरतीच्या पोरांच्या मागे आहे.

दार लोटून घेतलं. "पाळी?"

"चार महिने नाही. पळायला बरंच पडतं."

पहाटे नुसता चहा, धावून आल्यावर दहाला एक भाकरी. वजन कमी कर, असं शिकवणारे सांगतात. याचा मला मनापासून राग येतो. पोटात पुरेसं गेलं नाही की पाळी थांबते, आणि हाडाचा आधारही तिच्यासोबत जातो. हा प्रश्न मैदानावर कुणी विचारत नाही.

सहा ते आठ आठवडे धावणं बंद, कडक तळव्याचा बूट, दोन वेळचं पोटभर जेवण, अंडी, शेंगदाणे. पावलाच्या मधल्या, होडीसारख्या हाडाला चीर असती तर सहा आठवडे पाय टेकायचाच नाही, असं प्लास्टर लागलं असतं. तिथं रक्तपुरवठा कमी.

"ग्राउंड दीड महिन्यावर आलंय, मॅडम."

मी तिचा कागद पुन्हा वाचला. आठवडे कमी करता येण्यासारखे नव्हते.

जिन्यापाशी तिनं कठडा धरला. "उतरताना दुखरा पाय आधी," मी म्हणाले. तिनं उजवा पाय खाली टेकवला, मग डावा.